लंडनहून पॅरिसला समुद्राखालून: भारतीय पासपोर्टवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इकडे लंडनात उन्हाळा लागला की कोणाचे ना कोणाचे आईबाबा नाहीतर सासूसासरे येतात, आणि जेटलॅग उतरला की जेवताना विषय निघतोच, की पॅरिस म्हणे सव्वादोन तासांवर आहे, समुद्राखालून ट्रेन जाते, मग चला की शनिवार-रविवार जाऊन येऊ. अंतराचं अगदी खरं आहे. पण आपल्या निळ्या पासपोर्टवाल्यांसाठी ही आधी बॉर्डर आहे आणि मग ट्रेन. समुद्राखालचा बोगदा, म्हणजे चॅनल टनेल, वीस मिनिटांत संपतो, त्याच्या आधीचे कागद काही आठवडे खातात. मी स्वतः जाऊन आलोय, बऱ्याच जणांचे फॉर्म भरून दिलेत, आणि तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून सगळं ओळीने लिहून टाकतो.

१. आधी ठरवा, कुठल्या गाडीने जायचं

बोगदा एकच पण त्यातून माणसं दोन प्रकारे जातात. पहिला प्रकार युरोस्टार, म्हणजे आपण ज्याला ट्रेन म्हणतो ती, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते आणि पॅरिसच्या गार द्यु नॉरला सोडते. ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅमलाही थेट गाड्या आहेत. दुसरा प्रकार ल शटल, त्यात तुम्ही स्वतःची कार घेऊन फोकस्टनला जाता, कार डब्यात चढवता आणि ३५ मिनिटांत पलीकडे कॅलेजवळ उतरता. त्याला तिकीट माणशी नाही, गाडीमागे असतं, त्यामुळे आजीआजोबा, दोन पोरं आणि ढीगभर सामान असेल तर ते स्वस्त पडू शकतं. दोघंच असाल आणि फक्त पॅरिस करायचं असेल तर मुकाट युरोस्टार घ्या, पॅरिसमध्ये कार म्हणजे डोक्याला ताप.

एक सांगून ठेवतो, जुन्या लेखांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये अॅशफर्ड किंवा एब्सफ्लीटहून युरोस्टारमध्ये चढा असं लिहिलेलं सापडेल. २०२० पासून तिथे या गाड्या थांबतच नाहीत. लंडनहून थेट डिस्नेलँडला जाणारी गाडीही २०२३ मध्ये बंद झाली.

२. व्हिसा, सगळ्यात मोठी भानगड

यूकेचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही आणि शेंगेनचा, म्हणजे फ्रान्स-नेदरलँड्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, यूकेमध्ये चालत नाही. दोन्ही वेगवेगळे लागतात. हे ऐकून अजूनही लोकांचे चेहरे पडतात, कारण युरोप म्हणजे सगळं एकच अशी समजूत असते.

आता नीट वाचा. आईबाबा यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा इकडून होईल हे साधारणपणे धरूनच चालू नका. शेंगेनचा नियम असा आहे की तुम्ही जिथले रहिवासी आहात तिथूनच अर्ज करायचा, आणि इथे पाहुणे म्हणून आलेल्याला तिकडून अर्ज का केला नाही याचं पटेल असं कारण द्यावं लागतं, "तेव्हा सुचलं नाही" हे काही कारण होत नाही. म्हणजे त्यांचा शेंगेन व्हिसा पुण्या-मुंबईहून निघायच्या आधीच काढून घ्या. विमानाची तिकिटं काढता त्याच दिवशी हा विचार करा. इथे आल्यावर सुचलं तर मग स्कॉटलंड फिरवा, तेही छान आहे.

तुम्ही स्वतः इथे नोकरीवर किंवा शिकायला असाल तर इथूनच अर्ज करता येतो. कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री राहणार तिथे. पॅरिसला दोन रात्री आणि ॲमस्टरडॅमला चार, तर नेदरलँड्सकडे. दोन्हीकडे सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तो देश. अपॉइंटमेंट ज्या देशाची लवकर मिळतेय तिकडे अर्ज टाकायचा आणि राहायचं भलतीकडे, असले सल्ले देणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, हॉटेलचं बुकिंग बघून लगेच कळतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. हे १५ दिवस कागदावरचे, मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात. म्हणून तीन महिने आधी कामाला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ, वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा. सेंटरमध्ये एसएमएस, प्रीमियम लाउंज, फोटोकॉपी असं बरंच काही गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, त्यातलं काहीही घेतल्याने व्हिसा लवकर येत नाही. आणि पैसे घेऊन अपॉइंटमेंट विकणारे असतात त्यांना पासपोर्टचा फोटो चुकूनही पाठवू नका.

व्हिसावर किती वेळा प्रवेश लिहिलाय ते हातात आल्याआल्या बघा. सिंगल एंट्री असेल तर पॅरिसहून लंडनला परत आलात की तो संपला, मग पुढच्या आठवड्यात ब्रुसेल्स नाही.

३. काय काय कागद लागतात

यूकेहून अर्ज करणाऱ्यांसाठी ढोबळ यादी अशी, देशागणिक थोडा फरक पडतो:

- पासपोर्ट, गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला
- यूकेत राहायची परवानगी, तीसुद्धा परतल्यावर किमान तीन महिने शिल्लक हवी. आता कार्डं गेली, ईव्हिसा म्हणजे ऑनलाइन नोंद आलीय, तर ती दुसऱ्याला दाखवायचा शेअर कोड काढून त्याची प्रिंट
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, नवा
- किमान ३०,००० युरोचा मेडिकल खर्च भरून देणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स, सगळ्या शेंगेन देशांसाठी, पूर्ण तारखांसाठी
- जाण्यायेण्याचं बुकिंग आणि प्रत्येक रात्रीचं राहण्याचं बुकिंग
- तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, पे स्लिप, कंपनीचं पत्र. विद्यार्थी असाल तर युनिव्हर्सिटीचं पत्र
- मुलं असतील तर जन्मदाखला, आणि एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र

बँकेत अर्जाच्या आदल्या दिवशी एकदम मोठी रक्कम टाकून ठेवू नका, त्याने उलट प्रश्न येतात. पगार येतोय, भाडं जातंय, असं साधं चालू खातं दिसलेलं बरं. मित्राच्या घरी राहणार असाल तर फ्रान्समध्ये त्याला तिथल्या नगरपालिकेतून एक अधिकृत निमंत्रणपत्र काढावं लागतं, नुसता व्हॉट्सअॅप मेसेज चालत नाही. त्यापेक्षा फ्री कॅन्सलेशनवालं हॉटेल सोपं.

बाळ मांडीवर बसणार, त्याला तिकीट नाही, म्हणून व्हिसाही नाही असं काही नसतं. भारतीय पासपोर्ट असेल तर महिन्याच्या बाळालाही व्हिसा लागतो. मुलाचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर त्याला नको, तुम्हाला लागेल.

४. तिकीट

विमानासारखाच प्रकार, जितकं उशिरा तितकं महाग. मंगळवार-बुधवारची दुपारची गाडी आणि शुक्रवार संध्याकाळची गाडी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. शाळेच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. व्हिसा यायच्या आधी तिकीट काढणार असाल तर तारीख बदलायच्या अटी आधी वाचा, पैसे परत मिळणं आणि तारीख बदलून मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांच्या आतलं मूल मांडीवर फुकट, पण मग त्याला स्वतंत्र सीट नाही.

नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. आणि लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर माहेरचंच नाव, सासरचं नको.

वेळा बघून गोंधळू नका. फ्रान्स लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर तिथली तिथली वेळ छापतात. म्हणून जाताना प्रवास सव्वातीन-साडेतीन तासांचा वाटतो आणि येताना सव्वा-दीड तासाचा.

५. सामान आणि डबा

इथे विमानापेक्षा बरंच सुख आहे. साध्या तिकिटावर माणशी ८५ सेंटीमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि वर एक हातातली. वजनकाटा नाही, पाण्याच्या बाटलीला १०० मिलीची अट नाही. मात्र हमाल नाही, बॅग डब्यात तुम्हीच चढवायची, तेव्हा उचलेल तेवढीच भरा. मोठ्या पात्याची सुरी आणि कॅम्पिंगचा गॅस चालत नाही.

आता खाण्याचा डबा. ब्रेक्झिटनंतर यूकेतून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पनीर, दही, तुपाची बरणी, मटणाचा डबा घरीच. उलट बाजूने, एप्रिल २०२५ पासून तिकडून ब्रिटनमध्ये चीज, मांस वगैरे आणायलाही बंदी आहे, जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगामुळे, त्यामुळे फ्रेंच चीज तिकडेच खाऊन या. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, तेलावरचे धपाटे, बिनधास्त न्या. ट्रेनमध्ये खाणं विकत मिळतं पण महाग, आणि शाकाहारी माणसाचं पोट भरेल असं त्यात फारसं नसतं.

६. सेंट पँक्रसवर त्या दिवशी

गाडीच्या सव्वा ते दीड तास आधी पोचा. गेट बंद व्हायची वेळ तिकिटावर असते आणि ती गाडी सुटायच्या बरीच आधी असते. आपल्याकडे धावत जाऊन दरवाजाचा दांडा पकडतात तशी इथे सोय नाही.

आत क्रम असा: तिकीट स्कॅन, मग सामान आणि माणसं एक्स-रे-मेटल डिटेक्टरमधून, मग फ्रेंच पोलिसांची खिडकी. हो, फ्रेंच पोलीस, लंडनच्या मधोमध. दोन्ही देशांनी करार करून एकमेकांच्या जमिनीवर चौक्या बसवल्या आहेत, त्यामुळे पॅरिसला उतरल्यावर काही तपासणी नाही, सरळ स्टेशनच्या बाहेर. ऐकायला मस्त आहे पण याचा एक अर्थ ध्यानात घ्या. तुमचा शेंगेन प्रवेश त्या खिडकीशी होतो. व्हिसा उद्यापासून सुरू होत असेल तर आज रात्रीची गाडी मिळणार नाही. आणि खिडकी ओलांडल्यावर गाडी रद्द झाली आणि तुम्हाला परत बाहेर काढलं, तर तुमची एंट्री रद्द केल्याची नोंद करून घ्या, नाहीतर सिंगल एंट्रीवाल्यांचा व्हिसा पॅरिस न बघताच वापरलेला दिसेल.

खिडकीतला माणूस पासपोर्ट उलटा-सुलटा चाळत व्हिसाचं पान शोधतो, पाठीमागे लाइन वाढत जाते, तर ते पान उघडूनच द्या. किती दिवस, कुठे राहणार, परत कधी, इतकंच विचारतात, कधी तेही नाही. हॉटेल, इन्शुरन्स आणि परतीचं तिकीट कागदावर जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तिथेच जाते.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्यांच्या जागी कॉम्प्युटरवर नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने आणली, ईईएस म्हणतात तिला. व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, म्हणून आपल्याला मुख्यतः चेहऱ्याचा फोटो द्यावा लागतो. याला फी नाही. कुठल्या वेबसाइटने ईईएसचे पैसे मागितले तर बंद करून टाका.

७. बोगद्यात

पहिलं म्हणजे समुद्र दिसत नाही. मासे दिसत नाहीत. मुलांना आधीच सांगा नाहीतर फार हिरमोड होतो.

दुसरं, गाडी सुटल्यावर दोनेक मिनिटांत अंधार होतो आणि अख्खा डबा मोबाइल काढून शूटिंग सुरू करतो. तो हा बोगदा नव्हे. तो लंडनच्या पोटातला. मग थोडा उजेड, परत अंधार, पुढे थेम्स नदीखालचा छोटा बोगदा, मग केंटची हिरवी शेतं आणि आणखी एक डोंगरातला. खरा बोगदा साधारण अर्ध्या तासाने, फोकस्टनजवळ येतो. त्याच्या आधी उंच कुंपणं, भरपूर रूळ आणि कार-ट्रक चढवायचं भलंमोठं यार्ड दिसतं, ती खूण. गाडी आधी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पळत असते, इथे १६० वर येते. कान थोडे दडपतात, खिडकीचा आरसा होतो, आणि मग वीस मिनिटं काहीच होत नाही. जीपीएसचा निळा ठिपका किनाऱ्यावर अडकून बसतो.

काहीच होत नाही हीच तर करामत आहे. एकूण लांबी सुमारे ५०.५ किलोमीटर, त्यातले ३८ समुद्राच्या तळाखाली, सगळ्यात खोल ठिकाणी तळाच्याही ७५ मीटर खाली. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, त्यातून जाताना आपण किती वेळ झाला म्हणतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि हा एक नाही, तीन बोगदे आहेत शेजारी शेजारी: जायचा एक, यायचा एक, आणि मधे सर्व्हिसचा लहान. दर ३७५ मीटरवर मधल्या बोगद्यात जायला आडवा रस्ता आहे. मधल्यात हवेचा दाब मुद्दाम थोडा जास्त ठेवतात, म्हणजे बाजूला आग लागलीच तर धूर तिकडे शिरत नाही. १९९६ आणि २००८ मध्ये ट्रक नेणाऱ्या गाड्यांना मोठ्या आगी लागल्या, दोन्ही वेळा माणसं याच वाटेने बाहेर काढली, कोणी दगावलं नाही. आईला बंद जागेची भीती वाटत असेल तर हे सांगा, उपयोग होतो.

खणला कसा हे बाबा विचारणारच. समुद्राखाली चॉक मार्ल नावाचा खडू आणि चिकणमातीच्या मिश्रणाचा थर आहे, खणायला मऊ आणि पाणी फारसं न झिरपू देणारा, तो थर धरून अकरा यंत्रांनी दोन्ही बाजूंनी पोखरलं. फ्रान्सच्या बाजूला दगड जास्त भेगाळलेला आणि पाणी जास्त, म्हणून तिकडची यंत्रं पाण्याचा दाब सोसतील अशी बंदिस्त होती. १ डिसेंबर १९९० ला सर्व्हिस बोगद्यात दोन्हीकडचे कामगार समोरासमोर आले, आणि ६ मे १९९४ ला राणी एलिझाबेथ आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं. इंग्लंडच्या बाजूला निघालेली माती समुद्रात भर घालायला वापरली आणि डोव्हरजवळ सँफायर हो नावाचा नवा किनाराच तयार झाला, तिथे आता लोक फिरायला जातात. कल्पना मात्र नेपोलियनच्या काळातली, १८०२ ची, घोडागाड्यांसाठी. १८८० च्या सुमारास थोडं खणलंही होतं, पण इंग्रजांना भीती, की उद्या यातून फ्रेंच फौजच आली तर? थांबवलं.

पलीकडे निघालात की सपाट शेतं दिसतात आणि फोन फ्रेंच नेटवर्क पकडतो. ब्रिटिश सिमवर काही कंपन्या रोजचं रोमिंग लावतात, तेव्हा पॅक आधी बघा किंवा डेटा बंद करून ठेवा.

८. कार घेऊन जाणार असाल तर

फोकस्टनला एम २० रस्त्यावरून थेट एक्झिट आहे. दोन्ही देशांच्या चौक्या इथेही इंग्लंडच्याच बाजूला, कारमध्ये बसूनच पासपोर्ट द्यायचे. एलपीजीवर चालणारी गाडी घेत नाहीत, नियम म्हणजे नियम. डब्यात कार चढवली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, खिडकी थोडी उघडी ठेवायची, आणि कारमध्ये किंवा शेजारीच थांबायचं. डबा म्हणजे पिवळ्या दिव्यांची लांबलचक गल्ली, पुढे बंपर, मागे बंपर, मधेच एक माणूस चालत येऊन ब्रेक ओढलाय का बघतो.

लागणाऱ्या वस्तू: प्रत्येकाच्या हाताशी येईल असं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, लाल त्रिकोण, गाडीला यूके स्टिकर, हेडलाइटला लावायच्या पट्ट्या. पॅरिसमध्ये गाडी आत न्यायची असेल तर क्रिटएअर स्टिकर (गाडी किती प्रदूषण करते ते दाखवणारा), तो पोस्टाने येतो म्हणून आधीच मागवा. उतरल्यावर रस्त्याची उजवी बाजू. मोटरवेवर सोपं असतं, चुका होतात त्या पहाटे रिकाम्या गावात पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, तिथे शेजारी बसणाऱ्याने "उजवीकडे" म्हणायचं काम घ्यावं.

९. गार द्यु नॉरला उतरल्यावर

खिसेकापूंचं आवडतं स्टेशन. पासपोर्ट आतल्या खिशात, सॅक पोटावर. "टॅक्सी, टॅक्सी" करत अंगावर येणाऱ्याबरोबर जाऊ नका, बाहेर अधिकृत टॅक्सीची लाइन असते. सहीचा कागद घेऊन येणाऱ्या मुलींना नुसतं "नो" म्हणून चालत राहायचं.

मेट्रोच्या ४ आणि ५ नंबरच्या लाइनी आणि आरईआर (पॅरिसबाहेरच्या उपनगरांत जाणारी लोकल) बी खालीच आहेत. मेट्रोचं नाविगो ईझी कार्ड प्रत्येकाला स्वतंत्र घ्यावं लागतं, एका कार्डावर चौघं जात नाहीत. डिस्नेलँडला जायचं तर आरईआर बी ने शातले-ले आलला जाऊन तिथे मार्न-ला-व्हालेकडे जाणारी आरईआर ए पकडा, तिच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलं की पार्कचं गेट समोर.

१०. परत येताना

गार द्यु नॉरला युरोस्टारची जागा वरच्या मजल्यावर आहे, आणि इथे लाइन दोनदा: आधी फ्रेंच एक्झिट, मग दहा पावलांवर ब्रिटिश बॉर्डर. म्हणून इथे सेंट पँक्रसपेक्षाही लवकर या. यूकेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट निघायच्या आधीच तपासावी, पासपोर्ट नवा केला असेल तर तो ईव्हिसाच्या खात्याला जोडलाय ना. न जोडलेला पासपोर्ट घेऊन खिडकीशी उभं राहिलं की मागची सगळी लाइन तुमच्याकडे बघत असते. पाहुण्यांनी यूकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे आणि तारखेत आहे हे बघावं, आणि मुलाचा किंवा मुलीचा लंडनचा पत्ता पाठ नसेल तर चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावा, कारण ऑफिसर तो आईलाच विचारतो आणि आई म्हणते "स्टेशनजवळच आहे."

एका दुकानात १०० युरोच्या वर खरेदी केली असेल तर तिथला टॅक्स परत मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा, आणि तो गार द्यु नॉरच्या मशीनवर स्कॅन करायचा, बॉर्डरच्या लाइनीत शिरायच्या आधी. आत गेलात की ते मशीन बाहेरच राहतं.